कोकणच्या खाड्या व लहान जहाजे

सातमाळ्याच्या रांगेत वसलेल्या चांदवड गावातून समुद्र दिसत नाही आणि त्याची गाजही ऐकू येत नाही. गावाच्या उशाशी काळ्या कातळाचे डोंगर, मध्ये होळकरांचा रंगमहाल, बाजूने जाणारा मुंबई-आग्रा रस्ता आणि चहूकडे कांद्याची शेते, असा हा घाटावरचा मुलूख आहे. तथापि समुद्राशी त्याचे काहीच नाते नाही, असे मात्र नव्हे. या डोंगररांगेच्या उत्तर उतारावर पडलेला पाऊस गिरणेच्या वाटेने तापीस मिळून पश्चिम समुद्रास जातो; दक्षिण उतारावरचे पाणी गोदावरीच्या स्वाधीन होऊन पूर्व समुद्र गाठते. शिवाय चांदवडचा जो काळा कातळ, तोच मुंबईपासून दक्षिणेस देवगडच्या बाजूपर्यंत कोकण किनाऱ्याचा पाया आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या रसाचे थरावर थर साचून हा खडक तयार झाला. घाटावर त्याचे डोंगर उरले आणि किनाऱ्यावर नद्यांनी व समुद्राने कोरून त्याचे कडे व खाड्या केल्या.

नाशिक जिल्ह्याचे आणि खाड्यांचे नाते याहून जवळचे आहे, आणि त्याचा पुरावा दगडावर कोरलेला आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्यात त्याने केलेल्या दानधर्माची यादी दिली आहे. गाई दिल्या, धर्मशाळा बांधल्या, हे तर त्यात आहेच. पण त्याखेरीज इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर प्रवाशांना विनामूल्य पार करण्यासाठी नावांची सोय केली, अशीही नोंद आहे. दाहनुका म्हणजे आजच्या डहाणूची खाडी, आणि दमण म्हणजे दमणगंगा. उतारूला खाडीपार पोहोचविणारी नाव ही अन्नछत्राच्या तोडीची पुण्याची गोष्ट आहे, असे त्या काळच्या राजपुरुषास वाटले. खाडी आणि लहान नाव यांची जोडी इतकी जुनी आहे.

अलीकडे लहान जहाजात बसून अरण्यमय किनाऱ्यांची सफर करण्याची हौस जगभर वाढली आहे. नॉर्वे, अलास्का, चिली या प्रदेशांचे फ्योर्ड पाहण्यासाठी हजारो प्रवासी जातात. उंच कड्यांच्या मधून समुद्र आत शिरलेला, काठाला कोळ्यांची चिमुकली गावे, आणि त्या अरुंद पाण्यातून हळूहळू जाणारे जहाज, असे ते दृश्य असते. महाराष्ट्राच्या सुमारे ७२० किलोमीटर लांबीच्या किनाऱ्यालाही अशी जागा आहे काय, असा प्रश्न सहजच मनात येतो. जागा निश्चित आहे. मात्र आपल्या खाड्या फ्योर्ड नव्हेत, आणि हा फरक नीट ध्यानी घेतला तरच येथे कोणते जहाज चालेल, केव्हा चालेल आणि ते का बंद पडले, याचा उलगडा होतो.

फ्योर्ड हे बर्फाचे काम होय. हिमयुगात नॉर्वेच्या भूमीवर दोन-तीन किलोमीटर जाडीचा बर्फ साचला होता. तो बर्फ आपल्या भाराने समुद्राकडे सरकत असताना तळचा खडक किसणीप्रमाणे खरवडून नेत असे. त्यामुळे दऱ्या रुंद व खोल झाल्या, त्यांच्या भिंती जवळजवळ सरळ उभ्या राहिल्या, आणि बर्फ वितळल्यावर त्यांत समुद्र भरला. सोग्न या सर्वांत प्रसिद्ध फ्योर्डची लांबी दोनशे किलोमीटरांहून अधिक आणि खोली तेराशे मीटरांहून अधिक आहे. म्हणजे कळसूबाईचे शिखर त्यात उभे केले, तर त्याचा वरचा थोडा भागच पाण्याबाहेर राहील. मात्र समुद्राजवळ आल्यावर बर्फाचा जोर ओसरत असे, म्हणून मुखाशी खडकाचा व गाळाचा एक उंबरठा शिल्लक राहिला. आत एवढे खोल असलेले पाणी मुखाशी पुष्कळच उथळ असते. तरीही तो उंबरठा बहुधा जहाजाच्या तळाला लागत नाही, कारण त्यावरही भरपूर पाणी असते. मोठी मोठी जहाजे नॉर्वेत डोंगरांच्या पोटापर्यंत जाऊ शकतात, त्याचे कारण हे.

कोकणची खाडी हे नदीचे काम होय. कोकणात बर्फाची नदी कधी वाहिली नाही. पण हिमयुगाचा परिणाम येथेही झाला, तो वेगळ्या रीतीने. पृथ्वीवरचे पुष्कळसे पाणी बर्फाच्या रूपाने जमिनीवर अडकून पडल्यामुळे सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. त्या वेळी सावित्री, वासिष्ठी, शास्त्री या नद्या आजच्या किनाऱ्यापलीकडे दूरवर वाहत जात आणि आपल्या दऱ्या कोरीत. पुढे बर्फ वितळला, समुद्र वर आला आणि त्या दऱ्यांच्या खालच्या भागांत पाणी शिरले. बुडालेली दरी म्हणजे खाडी. तिच्या भिंती फ्योर्डसारख्या उभ्या नसतात. त्यांना उतार असतो, वळणे असतात, आणि दोन्ही बाजूंस भाताची खाचरे, माडांच्या बागा व तिवरांची झाडी असते. तिचा तळही बर्फाने खरवडलेला नाही. उलट दरवर्षी सह्याद्रीवरून येणाऱ्या गाळाने तो वर वर चढत असतो.

खाडीच्या मुखाशीही उंबरठा असतो, पण तो वाळूचा. नदीचे पाणी समुद्रास भेटते तेथे त्याचा वेग मंदावतो आणि बरोबरचा गाळ खाली बसतो. समुद्राच्या लाटा किनाऱ्याकडेने वाळू लोटीत आणून त्यात भर घालतात. अशा रीतीने मुखावर वाळूचा आडवा दांडा तयार होतो. पावसाळ्यात पुराचा लोंढा तो फोडतो, पावसाळा सरला की तो पुन्हा बांधला जातो, आणि पुष्कळदा जागाही बदलतो. गेल्या वर्षीची वाट यंदा तशीच असेल, याची कोणीही हमी देऊ शकत नाही. म्हणून कोकणच्या खाडीत शिरणारे जहाज लहान, उथळ तळाचे आणि वाट ओळखणाऱ्या माणसाच्या हाती असलेले पाहिजे. खाडीतली नौका लहान असते ती गरिबीमुळे नव्हे. तिचा आकार उंबरठ्याने ठरविलेला आहे.

त्या उंबरठ्यावरून जाण्याची किल्ली म्हणजे भरती. मुंबईस मोठ्या उधाणाच्या दिवशी भरती व ओहोटी यांतील फरक चार मीटरांच्या वर जातो. दक्षिणेस गोव्याच्या बाजूला तो दोन मीटरांच्या आसपास येतो. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास उधाण, आणि अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. भरतीची वेळ काढण्याचा जुन्या लोकांचा एक सोपा हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे मुंबईच्या बाजूस पूर्ण भरती किती वाजता होईल ते अजमासाने कळते. चतुर्थीस चारची पाऊणपट तीन, म्हणून भरती तीनच्या सुमारास. अष्टमीस सहाच्या सुमारास. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे जाते, हेच त्या हिशेबाचे मर्म होय. घाटावरच्या घरात पंचांग व्रतवैकल्यांसाठी उघडले जाते. खाडीकाठच्या तांडेलाच्या घरी तेच पंचांग होडी केव्हा लोटावयाची, हे सांगते.

भरती आत येऊ लागली की तिच्याबरोबर होडी आत जाते आणि ओहोटीबरोबर बाहेर पडते. दाभोळच्या मुखातून वासिष्ठीच्या खाडीत शिरलेली नौका अशा रीतीने चिपळूणजवळच्या गोवळकोट बंदरापर्यंत जात असे. सावित्रीच्या खाडीत बाणकोटावरून शिरलेला माल महाडच्या पेठेस पोहोचे आणि तेथून बैलांच्या पाठीवर घाट चढे. शास्त्रीच्या खाडीला जयगड, वाघोटणच्या खाडीला विजयदुर्ग, तसेच राजापूरच्या खाडीला जैतापूर. प्रत्येक खाडीच्या मुखाशी एक बंदर किंवा किल्ला, आणि आत भरती जेथे संपते तेथे एक पेठ, अशी ही रचना आहे. नकाशा उघडून पाहिला तर कोकणातील जुन्या गावांची जागा रस्त्याने ठरविलेली नसून भरतीच्या पाण्याने ठरविलेली आहे, हे तत्काळ ध्यानात येते.

मराठ्यांच्या आरमाराने या रचनेचाच उपयोग करून घेतला. खोल समुद्रात चालणारी परकीयांची मोठी जहाजे खाडीत येऊ शकत नसत. मराठ्यांची गुराबे व गलबते उथळ तळाची असल्यामुळे ती बाहेर येऊन झडप घालीत आणि पुन्हा खाडीत नाहीशी होत. कान्होजी आंग्रे यांच्या सामर्थ्याचे हे एक मोठे रहस्य होते. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे, खाडीच्या आत, जहाजे दुरुस्त करण्यासाठी खडकात खोदलेली गोदी अद्याप पाहावयास मिळते. भरतीला जहाज आत घ्यावे आणि ओहोटीला ते कोरडे पडले म्हणजे डागडुजी करावी, अशी ती युक्ती होती.

पुढे वाफेचे युग आले. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघालेली आगबोट किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेस जाई आणि हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही बंदरे घेत गोव्यास पोहोचे. आगबोट मुखावरच्या वाळूमुळे बहुतेक ठिकाणी बाहेरच नांगर टाकी. मग किनाऱ्यावरून पडाव तिच्या बाजूस येऊन लागत. लाटेबरोबर पडाव वर आला की त्या क्षणी खलाश्याने हात द्यावा आणि उतारूने पाऊल टाकावे. क्षण चुकला तर पुढच्या लाटेची वाट पाहावी. म्हातारीकोतारी माणसे, तान्ही मुले, ट्रंका, आंब्यांच्या करंड्या, सगळे याच रीतीने खाली उतरे. मुंबईच्या गिरण्यांत काम करणारे हजारो कोकणी कामगार गणपतीस व शिमग्यास गावी जात ते याच वाटेने, आणि त्यांच्या कमाईवर चालणारी घरे खाड्यांच्या काठी होती. तेव्हा तो प्रवास कोणी हौसेने करीत नसे. वाटेत दिसणारी जलदुर्गांची रांग, मुखाशी उडणारे समुद्रपक्षी आणि पहाटेचा मतलई वारा ही त्या उतारूंना तिकिटाबरोबर फुकट मिळालेली जोड होती.

या वाटेच्या धोक्यांविषयी मौन पाळणे योग्य होणार नाही. १९२७ साली 'जयंती' व 'तुकाराम' या आगबोटी वादळात सापडून बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या सुमारास, सणासाठी घरी निघालेल्या माणसांनी भरलेली 'रामदास' ही आगबोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. भर पावसाळा होता. काशाच्या खडकाच्या जवळपास वादळी लाटांनी तिला एका बाजूस झुकविले. भ्यालेले उतारू दुसऱ्या बाजूस धावले, आणि पुढच्या लाटेसरशी बोट कलंडली. सहाशेहून अधिक माणसे गेली. रेवसकडून मासळी घेऊन येणाऱ्या कोळ्यांनी होड्या वळवून जितक्यांना वर घेता आले तितक्यांना घेतले. या घटनेतून जो धडा मिळाला तो आजही तितकाच खरा आहे. लहान जहाज हे खाडीत सुरक्षित असते. पण त्याचा तोल हा त्यातील माणसांच्या संख्येवर आणि शिस्तीवर अवलंबून असतो, आणि ज्येष्ठ ते श्रावण हे महिने दर्याचे असतात, माणसाचे नव्हेत. नारळी पौर्णिमेपूर्वी होडी लोटू नये, हा कोळ्यांचा नियम केवळ भाविकपणातून आलेला नाही.

आज या नियमाला कायद्याचीही जोड मिळाली आहे. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, कारण हा बहुतेक मासळीच्या विणीचा काळ होय. बंदी उठली की कोळीवाडे जागे होतात. उत्तर कोकणात कोळी, दक्षिणेस गाबीत, खारवी, भंडारी, दालदी, असे दर्यावर जगणारे निरनिराळे समाज आहेत आणि त्यांच्या पद्धतीही निराळ्या आहेत. मुंबई-ठाण्याच्या बाजूस खुंटांना बांधलेले पिशवीसारखे डोल जाळे भरतीओहोटीच्या ओढीत सोडून बोंबील धरतात. मालवणच्या बाजूस रापण ओढतात. अर्धवर्तुळाकार जाळे होडीने समुद्रात सोडावयाचे आणि त्याची दोन्ही टोके पुळणीवर उभे राहून सगळ्या वाडीने मिळून ओढावयाची, असा हा सामुदायिक उद्योग. मिळालेल्या मासळीत दोर ओढणाऱ्यांचा वाटा असतो. हर्णैच्या पुळणीवर सायंकाळी होणारा मासळीचा लिलाव प्रसिद्ध आहे. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, आणि अलीकडे वाळूवर बोली चाललेली.

येथे नॉर्वेची आठवण पुन्हा होते. तेथील लोफोटेन बेटांवर कॉड नावाची मासळी लाकडी मांडवांवर जोडीजोडीने टांगून थंड वाऱ्यात वाळवितात. कोकणच्या कोळीवाड्यांत बोंबील बांबूच्या मांडवांवर दोऱ्यांना अडकवून उन्हात वाळवितात. एका ठिकाणी थंडी, दुसऱ्या ठिकाणी ऊन. पण समुद्राजवळची संपत्ती दूरच्या माणसापर्यंत कशी पोहोचवावी, या एकाच प्रश्नाचे हे एकच उत्तर दोघांनी काढले आहे. सुका बोंबील आणि सुकट घाट चढून देशावरच्या आठवड्याच्या बाजारात येतात, म्हणून ज्या घरांनी कधी खाडी पाहिली नाही त्यांच्याही कालवणात खाडीचा वाटा असतो.

परंतु नॉर्वेपासून शिकण्यासारखी खरी गोष्ट वेगळीच आहे. उत्तर नॉर्वेतील किनारी गावांना पूर्वी टपाल वेळेवर मिळत नसे. ट्रोंडहाइमहून हॅमरफेस्टपर्यंत पत्र जाण्यास उन्हाळ्यात तीन आठवडे आणि हिवाळ्यात कित्येक महिने लागत. रात्रीच्या अंधारात त्या खडकाळ पाण्यातून जहाज नेण्यास कोणी धजत नव्हते. रिचर्ड विथ नावाच्या कप्तानाने वर्षानुवर्षे दिशा, वेग आणि वेळ यांची टिपणे ठेवली होती. त्यांच्या बळावर, होकायंत्र व घड्याळ एवढ्याच साधनांनी आपण रात्रीही जहाज नेऊ, असे त्याने सरकारास सांगितले. १८९३ साली सरकारच्या कराराने ही सेवा सुरू झाली आणि ती आजतागायत चालू आहे. बर्गनपासून किर्केनेसपर्यंत ३४ बंदरे ती घेते. जगभरचे हौशी प्रवासी आज त्या जहाजात बसतात. पण ते जहाज मुळात त्यांच्यासाठी निघालेले नव्हते. टपाल, माल आणि गावकरी यांच्यासाठी ते निघाले, अजूनही त्यांना नेते, आणि म्हणूनच सफरीचे दिवस नसतानाही ते बंदरात येते.

कोकणात याच्या उलट घडले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस मुंबई-गोवा किनाऱ्यावरची प्रवासी आगबोट बंद पडली. एस.टी. गाड्या खेडोपाडी पोहोचल्या होत्या. महामार्गावर पूल झाले होते. आणि १९९८ साली कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. या सोयी आल्या हे उत्तमच झाले. घाटातल्या रस्त्याने रात्री तीन तासांत इस्पितळ गाठणाऱ्या रुग्णास आगबोटीची ओढ वाटण्याचे कारण नाही. परंतु जहाज थांबल्याबरोबर खाडीतली वाट मोकळी ठेवण्याची निकडही थांबली. ज्या उंबरठ्यावर रोज कोणाचे तरी लक्ष होते, तिकडे पाहणारे कोणी उरले नाही. पुढे २०१८ साली 'आंग्रिया' नावाचे जहाज मुंबई ते गोवा असे सफरीसाठी सुरू झाले, त्याचे कौतुकही झाले. पण दोन वर्षांतच साथीच्या काळात तेही थांबले. केवळ मौजेवर अवलंबून असलेले जहाज पहिल्याच संकटाला बंद पडते.

वाट मोकळी न राहिल्याचा परिणाम केवळ जहाजांपुरता मर्यादित राहत नाही. कोकणात वर्षास अडीच ते साडेतीन हजार मिलीमीटर पाऊस पडतो, म्हणजे चांदवडच्या कित्येक पट. आणि तो सगळा सह्याद्रीच्या उभ्या उतारावरून थोड्याच अंतरात समुद्राकडे धावतो. उतारावरची झाडी तुटली, टेकड्या पोखरल्या, की माती सुटते आणि खाडीच्या तळाशी जाऊन बसते. तळ वर आला की पुराला जागा उरत नाही. त्यातच समुद्राला भरती असेल तर नदीचे पाणी बाहेर पडण्यासच अडचण होते. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहर वासिष्ठीच्या पुरात बुडाले आणि त्याच दिवसांत महाडही सावित्रीच्या पाण्याखाली गेले. अतिवृष्टी हे त्याचे पहिले कारण खरे. परंतु पूर ओसरल्यावर चिपळूणकरांनी प्रथम जी मागणी केली, ती नदीतील गाळ उपसण्याची होती, आणि त्याप्रमाणे ते काम हातीही घेण्यात आले. एकेकाळी ज्या पाण्यातून गोवळकोटपर्यंत मालाच्या होड्या येत, तेथे पुराला वाट नव्हती, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

सुदैवाने खाडीवरचे सगळेच संपलेले नाही. दाभोळ व धोपावे यांच्या दरम्यान २००३ सालापासून मोटारीसुद्धा नेणारी फेरीबोट चालते. बाणकोटच्या खाडीवर वेश्वी-बागमांडले, जयगडच्या खाडीवर तवसाळ-जयगड, राजपुरीच्या खाडीवर दिघी-आगरदांडा अशा सेवा आहेत. मुंबईहून मांडव्यास २०२० पासून मोटारी नेणारे जहाज जाते. या फेऱ्या मासळीवाल्या बायका, विद्यार्थी, नोकरदार आणि वऱ्हाडाच्या गाड्या नेतात, आणि त्यांच्याच जोडीला पाहुणाही नेतात. कोकणची अरण्यसफर खरी पाहावयाची असेल त्याने हर्णैच्या लिलावापासून आरंभ करावा, फेरीबोटीने एकेक खाडी ओलांडीत दक्षिणेस जावे, आणि वाटेत जेथे गावकरी होडीने आत नेतात तेथे भरतीची वेळ विचारून आत जावे. वासिष्ठीच्या खाडीत तिवरांच्या मुळांशी मगरी ऊन खात पडलेल्या आढळतात. नाना फडणीसांचे मूळ गाव वेळास येथे समुद्रकासवे अंडी घालण्यास येतात. २००२ सालापासून तेथे त्यांच्या घरट्यांची राखण होते आणि पिले समुद्रात सोडताना पाहण्यासाठी लोक दुरून येतात. सिंधुदुर्गाच्या समुद्रात डॉल्फिन दिसतात. हे सर्व पाहण्यास मोठ्या जहाजाची गरज नाही. किंबहुना मोठ्या जहाजातून हे दिसतच नाही.

आता रेवस ते रेड्डी या सागरी महामार्गासाठी मोठ्या खाड्यांवर पूल बांधण्याचे काम हाती घेण्यात आले आहे. पूल झाले की मोटारी वरून जातील आणि फेरीबोटींचे उत्पन्न घटेल, हे उघड आहे. आगबोट गेली तेव्हा जे झाले ते पुन्हा व्हावे की नाही, याचा निर्णय त्याआधी करावयास हवा. उपाय अवघड नाहीत. खाडीच्या मुखाची आणि तळाची मोजणी दरवर्षी व्हावी; गाळ जेथून येतो त्या उतारांवर झाडी राखावी; काठची तिवरे तोडू देऊ नयेत, कारण तीच काठ धरून ठेवतात; आणि लहान प्रवासी नौकेला पाहुण्यांबरोबर गावकऱ्यांचे, मासळीचे, टपालाचे काम देऊन बारमाही नाही तरी आठमाही चालती ठेवावी.

हे काम केवळ कोकणवासीयांचे आहे, असे घाटावरच्यांनी समजू नये. वैतरणा नदी त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावते, मुंबईची तहान भागविते आणि अर्नाळ्याच्या बाजूस खाडी होऊन समुद्रास मिळते. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या नाशिक जिल्ह्यातील तालुक्यांच्या पश्चिम उतारावर तुटलेल्या प्रत्येक झाडाखालची माती त्या किंवा तशाच दुसऱ्या नदीच्या मुखाशी जाऊन थांबते. नाशिकच्या लेण्यात उषवदाताने खाड्यांवरच्या नावांची नोंद करविली, ती या जिल्ह्यातून समुद्राकडे वाटा जात होत्या म्हणून. त्या वाटांनी आज माणसे जात नसली तरी पाणी आणि माती जातेच. डहाणूपासून तेरेखोलपर्यंतच्या एकेका खाडीच्या मुखावरचा उंबरठा किती उंच होऊ द्यावयाचा, हे काही अंशी घाटमाथ्यावरच ठरत असते.